पांढऱ्या मुठीचं पिस्तूल आणि जनरल पॅटन

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सेनापतींची नावं आपल्याकडे फारशी कुणाच्या तोंडी नसतात. आयझेनहॉवर पुढे राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून माहीत, मॅकआर्थर जपानमुळे माहीत. तिसरं नाव जॉर्ज पॅटनचं. ज्यांनी १९७० सालचा त्याच्यावरचा सिनेमा पाहिलाय, त्यांना आधी आठवतं ते त्याच्या कमरेचं पांढऱ्या मुठीचं पिस्तूल, आणि मग रणगाडे.

ते पिस्तूल सरकारी नव्हतं. पॅटनने ते १९१६ साली स्वतःच्या पैशांनी घेतलं होतं, आणि गंमत म्हणजे घेतलं तेव्हाच ते जुन्या पद्धतीचं होतं. अमेरिकन सैन्याने १९११ मध्येच नवं, आपोआप पुढची गोळी चढवणारं कोल्ट पिस्तूल स्वीकारलं होतं. ते अधिकाऱ्यांना मिळतही होतं. तरी या तरुण लेफ्टनंटने मूळ १८७३ सालच्या घडणीचं, प्रत्येक गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागणारं रिव्हॉल्व्हर पसंत केलं आणि पुढे जवळपास तीस वर्षं जवळ ठेवलं. ही निवड हौसेची होती की हिशेबाची, असा प्रश्न पडतो. त्याचं आयुष्य बघितलं तर दोन्हीची सरमिसळ दिसते.

पॅटनचा जन्म ११ नोव्हेंबर १८८५ चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन गॅब्रिएलचा. घर खाऊनपिऊन सुखी, म्हणजे श्रीमंतच. आईचे वडील बेंजामिन विल्सन हे लॉस एंजेलिसचे एकेकाळचे महापौर. वडिलांचे वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने कर्नल होते आणि १८६४ मध्ये विंचेस्टरच्या लढाईत कामी आले. म्हणजे घरात एका बाजूला जमीनजुमला आणि दुसऱ्या बाजूला हरलेल्या युद्धाच्या वीरकथा. दक्षिणेच्या फौजेतला नामांकित घोडदळ अधिकारी जॉन मॉस्बी हा घरी येणारा पाहुणा. अशा वातावरणात वाढलेल्या पोराच्या डोक्यात दुसरं काय भरणार? मात्र पोराला वाचता-लिहिता येईना. अक्षरं उलटसुलट दिसायची. आज त्याला डिस्लेक्सिया म्हटलं असतं. अकराव्या वर्षापर्यंत तो शाळेतच गेला नाही, घरी मोठी माणसं त्याला वाचून दाखवत. पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गणितात नापास झाल्यामुळे पहिलं वर्ष पुन्हा करावं लागलं. १९०९ मध्ये तो बाहेर पडला तो घोडदळात. पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या एका बड्या उद्योगपतीच्या मुलीशी, बिआट्रिस आयरशी लग्न झालं. त्यामुळे लेफ्टनंटच्या पगारात न बसणारे शौक, पोलोचे घोडे, मोटार, भारी गणवेश, हे त्याला आयुष्यभर परवडले. पिस्तुलाची गोष्ट सांगताना हा पैसा विसरून चालत नाही.

हत्याराच्या बाबतीत त्याचं पहिलं प्रेम तलवार. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन हा खेळ पहिल्यांदा आला: पिस्तूल नेमबाजी, पोहणं, तलवारबाजी, घोडेस्वारी आणि धावणं. अमेरिकेकडून त्यात पॅटन उतरला आणि पाचवा आला. पहिल्या सात जणांत तो एकटाच बिगरस्वीडिश होता, म्हणजे कामगिरी लहान नव्हे. पण त्याला मागे खेचलं ते नेमकं नेमबाजीने. बऱ्याच स्पर्धकांनी बारीक .२२ ची पिस्तुलं वापरली. पॅटनने लष्करी वळणाचं.३८ चं रिव्हॉल्व्हर घेतलं. त्याचं म्हणणं असं की हा खेळ सैनिकांसाठी आहे, तर हत्यारही सैनिकाचंच हवं. पंचांनी त्याच्या काही गोळ्या फळ्याला लागल्याच नाहीत असं ठरवलं. त्याच्या बाजूचे लोक सांगत राहिले की आधीच्या गोळ्यांनी मधोमध मोठं भोक पाडलं होतं आणि पुढच्या त्यातूनच आरपार गेल्या. खरं काय ते आता कळणं शक्य नाही. मात्र माणूस कसा होता ते इथेच कळतं: गुण जातील याचा विचार नंतर, हातात काय शोभतं याचा आधी.

तिथून तो फ्रान्सला सोमूरच्या घोडदळ शाळेत तलवारीचे धडे घ्यायला गेला, आणि परत येऊन अमेरिकन घोडदळासाठी नवी तलवारच आखली. वाकड्या पात्याची, वार करायची जुनी तलवार बाजूला ठेवून त्याने सरळ, लांब, भोसकायची तलवार सुचवली. सैन्याने ती १९१३ चं मॉडेल म्हणून घेतली. वय सत्तावीस. म्हणजे हत्यार आपल्याला हवं तसं करून घेणं ही त्याची नुसती हौस नव्हती, त्याला त्यातलं कळत होतं. अर्थात ती तलवार आली तेव्हा तलवारींचे दिवस संपत आले होते, हे निराळं.

आता पिस्तुलाकडे येऊ. १९१५ मध्ये त्याची नेमणूक टेक्ससमधल्या फोर्ट ब्लिसला आणि तिथून सिएरा ब्लांका नावाच्या सरहद्दीवरच्या आडगावात झाली. मेक्सिकोत क्रांतीचा धुमाकूळ, इकडे गुरांचे मालक, घोडेवाले, जुने बंदूकबाज. गावचा मार्शल डेव्ह ॲलिसन हा पांढऱ्या केसांचा, सरहद्दीवर हयात घालवलेला माणूस. पॅटनला ही मंडळी फार आवडली. श्रीमंत घरातला, फ्रेंच तलवारबाजी शिकलेला हा पोरगा इथल्या माणसांकडून कमरेला पिस्तूल कसं बाळगायचं ते शिकला.

तोवर त्याच्याकडे सरकारी .४५ ऑटोमॅटिकच होतं. असं सांगतात की चाप हलका व्हावा म्हणून त्याने त्याच्या आतला भाग घासून घेतला होता. चाप जितका हलका तितका नेम कमी हलतो, हे खरं. पण किती घासायचं याला मर्यादा आहे. एक दिवस गावातल्या दारूच्या गुत्त्यात असताना पँटमध्ये खोचलेलं ते पिस्तूल आपोआप उडालं. इजा झाली नाही. पण ऑटोमॅटिकवरचा त्याचा विश्वास उडाला तो उडालाच. आता दोष पिस्तुलाचा की घासणाऱ्याचा, हे वाचकांनीच ठरवावं. कारखान्यातून आलं तसं ते पिस्तूल पुढे कित्येक दशकं अमेरिकन सैनिकांनी बिनतक्रार वापरलं.

मार्च १९१६ मध्ये त्याने एल पासोतल्या हत्यारांच्या दुकानातून कोल्टचं सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर घेतलं. जुन्या वेस्टर्न सिनेमांत काउबॉयच्या हातात दिसतं तेच. नळी पावणेपाच इंचांची, म्हणजे त्या जातीतली आखूड. म्यानातून चटकन निघावी अशी. गोळी .४५ ची. साध्या निळसर-काळ्या पोलादावर समाधान न मानता त्याने चांदीचा मुलामा दिलेलं, नळीपासून मुठीपर्यंत वेलबुट्टी कोरलेलं पिस्तूल निवडलं. कोल्टच्या कारखान्यात त्या काळी कुनो हेल्फ्रिश्ट हा कसबी नक्षीकार होता, त्याच्या कारखानदारीतलं हे काम. मूठ हस्तिदंताची, आणि तिच्यावर मालकाच्या नावाची आद्याक्षरं.

या मुठीबद्दल तो भलताच हळवा होता. वर्तमानपत्रवाले वारंवार तिला शिंपल्याची, म्हणजे मोत्यासारखी चमकणारी मूठ म्हणून छापत, आणि तो दरवेळी भडकायचा. त्याच्या मते शिंपल्याची मूठ ही न्यू ऑर्लिन्सच्या कुंटणखान्यातल्या भडव्यांना शोभणारी. सैनिकाची मूठ हस्तिदंतीच हवी. चांदीचा मुलामा आणि वेलबुट्टी चालते, शिंपला मात्र चालत नाही! बाहेरच्याला हसू येईल. पण ज्याला हत्यार हातात धरायचंय त्याला यात थोडं तथ्य सापडेल. शिंपला गुळगुळीत आणि ठिसूळ, घामेजल्या हातात निसटतो, आपटला की तडकतो. हस्तिदंत वापरून वापरून पिवळसर होतो आणि हाताच्या ओळखीचा होतो. आपल्याकडेही खंडेनवमीला जुन्या घरांतून कट्यारी, तलवारी पुजायला बाहेर निघतात तेव्हा जाणती माणसं आधी पातं बघत नाहीत, मूठ बघतात.

जुन्या पद्धतीचं म्हणजे काय, तेही थोडं सांगायला हवं. या कोल्टमध्ये सहा घरांचं फिरतं चक्र असतं. प्रत्येक वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, मग चाप दाबायचा. गोळ्या भरायच्या त्याही बाजूच्या झडपेतून एकेक करून, आणि रिकामी टोपणं काढायची तीही एकेक ढकलून. शिवाय घोड्याचं टोक थेट काडतुसावर टेकत असल्यामुळे शहाणा माणूस त्या जागेचं घर रिकामं ठेवतो. धक्का बसला तर उडू नये म्हणून. म्हणजे हिशेबाला सहा, खऱ्या पाच. उलट सरकारी ऑटोमॅटिकमध्ये सात गोळ्यांची पट्टी मुठीतून सरकवली की काम झालं. घाईच्या लढाईत यातलं कोणतं बरं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

घाईची लढाई दोनच महिन्यांत आली. ९ मार्च १९१६ ला पांचो व्हियाच्या लोकांनी न्यू मेक्सिकोतल्या कोलंबस गावावर धाड घातली. त्याला पकडायला जनरल पर्शिंगच्या हाताखाली फौज मेक्सिकोत शिरली. पॅटनची पलटण जाणार नव्हती. याने पर्शिंगच्या मागे लागून स्वतःला त्याचा मदतनीस म्हणून घेववलं. १४ मे ला तीन डॉज मोटारींतून काही सैनिक आणि वाटाडे घेऊन तो मका विकत घ्यायला बाहेर पडला. व्हियाच्या खास रक्षकदलाचा अधिकारी हुलिओ कार्देनास रुबिओजवळच्या एका वाड्यावर असावा असा त्याला संशय आला. मोटारी भरधाव नेऊन त्याने वाडा घेरला. दरवाज्यातून तीन हत्यारबंद घोडेस्वार बाहेर पडले आणि गोळीबार सुरू झाला.

पॅटनने नवं कोल्ट रिकामं केलं. पाच गोळ्या. मग भिंतीच्या आडोशाला, डोक्यावर माती उडत असताना, तो एकेक गोळी भरत बसला. पुन्हा बाहेर आला, एकाचा घोडा पाडला. घोड्याखाली सापडलेल्या माणसावर त्याने लगेच गोळी झाडली नाही, तो उठेपर्यंत थांबला, असं त्याने स्वतःच नंतर कळवलं. शेवटी तिघेही मेले. त्यांतला एक कार्देनासच निघाला. प्रेतं मोटारींच्या पुढच्या भागावर बांधून ही मंडळी छावणीत परतली. अमेरिकन सैन्याने मोटारीतून जाऊन केलेला हा पहिला हल्ला मानतात. वर्तमानपत्रांना व्हिया सापडल्याच्या बातम्या देता येत नव्हत्या, त्यांनी पॅटनला उचलून धरलं.

त्यानंतर त्या हस्तिदंती मुठीवर दोन खाचा पडल्या. दोन माणसं मारली, म्हणून दोन खाचा. जुन्या बंदूकबाजांची रीत. त्या धुमश्चक्रीत एकाच माणसावर चार-पाच बंदुका रोखलेल्या होत्या, आणि कार्देनासचा शेवट तर एका वाटाड्याच्या गोळीने झाला. पॅटनच्या गोळ्या कुणाकुणाला लागल्या होत्या हे खरं. पण कोण नेमका कुणाच्या गोळीने मेला याचा हिशेब खाचांवरून लागत नाही. बायकोला लिहिलेल्या पत्रांत, डायरीत आणि या मुठीवर तो स्वतःची बखर स्वतःच लिहीत होता.

याच चकमकीतून दोन पिस्तुलांची कल्पना निघाली असं मानतात. एक रिकामं झालं तर भरत बसण्यापेक्षा दुसरं हाताशी असावं. मात्र दुसरं यायला बराच वेळ लागला.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध होऊन गेलं. फ्रान्समध्ये अमेरिकेचं रणगाडा दल उभं राहिलं तेव्हा त्यात सर्वांत आधी घेतलेला अधिकारी पॅटनच. रणगाडे चालवायची शाळा त्याने काढली, सप्टेंबर १९१८ मध्ये सें-मिहिएलला ते लढवले, आणि २६ सप्टेंबरला म्यूज-आर्गोनच्या लढाईत मांडीत गोळी घेतली. जो अँजेलो नावाच्या त्याच्या सैनिकाने त्याला खड्ड्यात ओढून वाचवलं. चौदा वर्षांनी, १९३२ मध्ये, बोनसच्या पैशांसाठी वॉशिंग्टनला आलेल्या माजी सैनिकांना हुसकावून लावणाऱ्या घोडदळात पॅटन होता आणि हुसकावलेल्यांत हा अँजेलो. पॅटनने त्याला ओळख दिली नाही.

शांततेच्या वर्षांत रणगाड्यांना पैसा नव्हता, म्हणून तो पुन्हा घोडदळात गेला. पोलो, शिकार, होडी, पुस्तकं आणि वाढत जाणारी चिडचिड. १९३५ मध्ये हवाईत असताना त्याने दुसरं प्रसिद्ध पिस्तूल घेतलं: स्मिथ अँड वेसनचं .३५७ मॅग्नम. ते त्याच वर्षी बाजारात आलं होतं आणि त्या वेळच्या हातातल्या बंदुकांत सर्वांत ताकदवान म्हणून त्याचा गाजावाजा होता. सुरुवातीला ही कंपनी प्रत्येक नग गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणे बनवायची. नळीची लांबी साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत हवी ती, नेम धरायची माशी हवी तशी, मूठ हवी ती. आणि मालकाच्या नावे नोंदणीचं प्रमाणपत्र. शिंप्याकडे कपडे शिवायला टाकावे तसा प्रकार. पॅटनने सर्वांत आखूड, साडेतीन इंची नळी निवडली. हे चांदीचं नव्हतं, नक्षीचं नव्हतं. साधं निळसर पोलाद. मूठ मात्र याचीही हस्तिदंती करवून घेतली. याला तो माणूस मारायचं पिस्तूल समजायचा. म्हणजे चांदीचं कोल्ट लोकांनी बघण्यासाठी आणि हे वेळ आली तर वापरण्यासाठी, अशी त्याच्या मनात स्पष्ट वाटणी होती. म्यानं आणि पट्टा एल पासोच्या मायर्स नावाच्या प्रसिद्ध कारागिराकडचे.

दोन्ही पिस्तुलं एकदम लावलेला पॅटन म्हणून तो लोकांच्या डोक्यात बसलाय. छायाचित्रं नीट बघितली तर बहुतेक वेळा एकच दिसतं, उजव्या कमरेला. पुढे तर तो लहान .३८० चं ऑटोमॅटिकही वापरू लागला होता. सेनापतींना ते सरकारकडूनच मिळायचं. पण आख्यायिकेला एक पिस्तूल पुरत नाही.

एवढ्या नटण्यामागे काय होतं? पॅटनचा आवाज बारीक आणि चिरका होता. सिनेमात जॉर्ज स्कॉटचा घोगरा, भारदस्त आवाज ऐकून ज्यांनी त्याची कल्पना केली, त्यांना खऱ्या पॅटनचं ध्वनिमुद्रण ऐकल्यावर धक्का बसतो. घरच्यांच्या आठवणींप्रमाणे तो आरशासमोर उभा राहून उग्र चेहरा करायचा सराव करत असे. वाचता न येणारं पोर, चिरका आवाज, आणि घराण्यातल्या मेलेल्या वीरांचं ओझं. या माणसाने स्वतःला बाहेरून घडवलं. चकचकीत हेल्मेट, गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात छडी, कमरेला हस्तिदंत. मागच्या रांगेतल्या सैनिकालासुद्धा दुरून कळलं पाहिजे की सेनापती आलाय. दरवेळी हे साधायचंच असं नाही. १९४१ च्या सुमारास त्याने रणगाडेवाल्यांसाठी स्वतः एक गणवेश आखला: हिरवे कपडे, पितळी बटणं आणि फुटबॉल खेळाडूंसारखं सोनेरी शिरस्त्राण. तो घालून फोटोही काढून घेतला. सगळ्यांनी टिंगल केली, सैन्याने नाकारला. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांची परेड बघत मोठे झालेल्यांना वेगळं सांगायला नको की गणवेशातला रुबाब आणि सोंग यांच्यात फार पातळ रेघ असते.

८ नोव्हेंबर १९४२ ला अमेरिकन फौजा मोरोक्कोच्या किनाऱ्यावर उतरल्या. पॅटन ऑगस्टा या युद्धनौकेवर होता. किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या होडीत त्याचं सगळं सामान चढवलेलं, होडी नौकेच्या बाजूला टांगलेली. ऐनवेळी त्याने आपला जुना सेवक, सार्जंट जॉर्ज मीक्स याला होडीतली पिस्तुलं आणायला सांगितलं. मीक्सने ती आणून दिली आणि तेवढ्यात नौकेच्या तोफांनी मारा सुरू केला. तोफांच्या धक्क्याने होडीचा तळच उडाला. सामान समुद्रात गेलं, पिस्तुलं वाचली. अशा योगायोगांवर तो मनापासून विश्वास ठेवायचा. आपण पूर्वी अनेक जन्मांत लढलोय, असं मानणारा माणूस होता तो. आपल्याकडे असता तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं.

मार्च १९४३ मध्ये ट्युनिशियातल्या मार खाल्लेल्या अमेरिकन कोअरचा ताबा त्याच्याकडे आला. त्याने पहिल्यांदा काय केलं, तर हेल्मेट न घालणाऱ्यांना, टाय न बांधणाऱ्यांना दंड लावला. सैनिक चिडले. पण कुणीतरी वर आहे, बघतंय, हे त्यांना कळलं, आणि काही दिवसांत तीच फौज एल गेत्तारला जर्मन रणगाड्यांसमोर टिकून राहिली. बाह्य रूपाचा उपयोग त्याला कळला होता तो असा.

मग सिसिली. जुलै-ऑगस्ट १९४३ मध्ये त्याच्या सातव्या सैन्याने पालेर्मो घेतलं, मेसिना गाठलं. (त्यानंतरची इटलीच्या मुख्य भूमीवरची लढाई आपल्याला वेगळ्या कारणाने जवळची. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते तिथेच. पॅटन मात्र त्या लढाईत नव्हता.) ३ ऑगस्टला एका फील्ड हॉस्पिटलमध्ये त्याला एक सैनिक दिसला, ज्याच्या अंगावर जखम नव्हती. लढाई सहन होत नाही, एवढंच तो सांगत होता. पॅटनने त्याला हातमोज्याने मारलं, लाथ घालून तंबूबाहेर काढलं. नंतर तपासणीत त्याला मलेरिया निघाला, ताप होता. आठ दिवसांच्या आत, १० ऑगस्टला, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये दुसरा सैनिक; हा तोफखान्यातला, थरथरत बसलेला. पॅटनने त्याला भित्रा ठरवलं, थोबाडीत मारली, आणि कमरेचं पिस्तूल बाहेर काढून तिथल्या तिथे गोळी घालायची धमकी दिली. हॉस्पिटलचा प्रमुख मध्ये पडला, पोरगा वाचला.

सत्तावीस वर्षं तो कमरेला पिस्तूल मिरवत होता. मेक्सिकोनंतर शत्रूवर त्याचा उपयोग करायची वेळ त्याच्यावर क्वचितच आली असेल. सेनापतीच्या पिस्तुलाने लढाया होत नाहीत. आणि बाहेर निघालं ते कुणावर, तर आपल्याच, आजारी, निःशस्त्र माणसावर. ज्यांना तो पिस्तूल घातलेला रुबाबदार सेनापती आवडतो, त्यांनी हा प्रसंग बाजूला ठेवून चालणार नाही. मनाला झालेली जखम त्याला दिसत नव्हती, दिसली तरी मानायची नव्हती. कारण स्वतःच्या मनातली भीती त्याने असल्याच मुखवट्याखाली आयुष्यभर दाबली होती. डायरीत तो आपल्या भित्रेपणाबद्दल वारंवार काळजी करताना सापडतो.

आयझेनहॉवरने त्याला कडक शब्दांत फटकारलं आणि माफी मागायला लावली. त्या सैनिकांची, डॉक्टर-नर्सांची, आणि एकेक डिव्हिजनसमोर उभं राहून. नोव्हेंबरमध्ये ड्र्यू पिअर्सन या पत्रकाराने ही गोष्ट रेडिओवर फोडली आणि अमेरिकेत गदारोळ झाला. जवळजवळ वर्षभर त्याला लढायला फौज मिळाली नाही. इंग्लंडमध्ये त्याला एका खोट्या सैन्याचा सेनापती म्हणून मिरवलं, जर्मनांनी समजावं की हल्ला कॅलेला होणार. लाकडी आणि फुगवलेले रणगाडे, खोटे बिनतारी संदेश. नाटकातली भूमिका त्याला मनासारखी जमली असणार, पण मनासारखी वाटली नसेल.

१ ऑगस्ट १९४४ ला त्याचं तिसरं सैन्य फ्रान्समध्ये कामाला लागलं, आणि पुढचे नऊ महिने त्याच्या आयुष्यातले सर्वोत्तम. डिसेंबरमध्ये आर्डेनच्या बर्फात जर्मनांनी मुसंडी मारली तेव्हा त्याने आपलं सैन्य पूर्वेकडून उत्तरेकडे काही दिवसांत वळवून २६ डिसेंबरला बास्तोन्यचा वेढा फोडला. मार्चमध्ये ऱ्हाइन ओलांडली. याच मार्चमध्ये हॅमेलबुर्गच्या युद्धकैद्यांच्या छावणीवर त्याने एक छोटी तुकडी पाठवली. तिथे त्याचा जावई कैदेत होता. तुकडी जवळपास पूर्ण मारली किंवा पकडली गेली.

युद्ध संपल्यावर हा माणूस कशालाच उपयोगाचा राहिला नाही. बव्हेरियाचा कारभार त्याच्याकडे दिला, तर जुन्या नाझींना पदांवर ठेवायचं त्याने समर्थन केलं. छावण्यांतून जिवंत बाहेर आलेल्या ज्यूंबद्दल त्याने डायरीत जे लिहिलंय ते वाचवत नाही. शरद ऋतूत आयझेनहॉवरने त्याच्याकडून तिसरं सैन्य काढून घेतलं आणि कागदोपत्री असलेल्या एका मुख्यालयात बसवलं.

९ डिसेंबर १९४५, रविवार. तो मानहाइमजवळ तितरांच्या जातीच्या फेझंट पक्ष्यांच्या शिकारीला निघाला होता, मागच्या सीटवर. त्याची कॅडिलॅक फार वेगात नसताना सैन्याच्याच एका ट्रकवर आदळली. बाकीच्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पॅटनची मान मोडली. हायडेलबर्गच्या हॉस्पिटलमध्ये बारा दिवस तो मानेखाली लुळा पडून होता. बायको अमेरिकेतून येऊन उशाशी बसली, त्याला वाचून दाखवत. लहानपणी घरची माणसं दाखवायची तसंच. २१ डिसेंबरला तो गेला. २४ तारखेला लक्झेंबर्गमधल्या हाम इथल्या लष्करी दफनभूमीत, तिसऱ्या सैन्यातल्या जवानांच्या शेजारी त्याला पुरलं.

पिस्तुलं घरच्यांकडे आली आणि पुढे केंटकीतल्या फोर्ट नॉक्स इथल्या त्याच्या नावाच्या संग्रहालयात गेली. चांदीचं कोल्ट आणि साधं मॅग्नम, दोन्ही काचेमागे. हस्तिदंत आता पिवळसर पडलाय, आणि कोल्टच्या मुठीवर रुबिओच्या त्या दोन खाचा अजून आहेत.